स्त्रीवरील हिंसाचाराची चर्चा आणि चित्रपट : ‘कुंकू’ ते ‘सैराट’

प्रास्ताविक

८ मार्चचा जागतिक महिला दिन असो किंवा २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराच्या विरोधात पाळला जाणारा सोळा दिवसांचा कालखंड असो, महाविद्यालयांतून या निमित्ताने चित्रपट दाखविण्याची प्रथा आता बरीच रूढ झाली आहे. दृक्‌श्राव्य कक्षाच्या खिडक्या झाकल्या जातात, चित्रपट संपतो, समन्वयक प्राध्यापक दोन शब्द बोलतात, ‘कुणाला काही विचारायचे आहे का?’ असा प्रश्न होतो आणि आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता होते. छायाचित्रे अहवालात जातात. चर्चा मात्र झालेली नसते. विद्यार्थी असंवेदनशील असतात म्हणून असे घडते, हे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. पुष्कळदा निवडलेला चित्रपटच चर्चेला जागा ठेवीत नाही, आणि ज्या चित्रपटात अशी जागा असते तेथे प्रश्न भलत्याच ठिकाणी विचारला जातो.

चित्रपटाची निवड करताना ‘विषय स्त्रीवरील अन्यायाचा आहे ना?’ एवढेच पाहिले जाते. चित्रपट हिंसाचाराचा निषेध किती जोरकसपणे करतो, यापेक्षा तो प्रेक्षकाला कोणत्या जागेवर नेऊन बसवितो हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. न्यायाधीशाच्या जागेवर बसलेला प्रेक्षक निकाल देतो आणि मोकळा होतो. शोक करणारा प्रेक्षक डोळे पुसतो आणि मोकळा होतो. ज्या प्रेक्षकाला पडद्यावरच्या घरात आपले घर ओळखू येते, त्याला मात्र इतक्या सहजी मोकळे होता येत नाही. बोलण्यासारखे काही असते ते त्याच्यापाशी. प्रस्तुत लेखात काही परिचित चित्रपटांचा विचार या दृष्टीने केला आहे.

चर्चेसाठीच काढलेले चित्रपट

चित्रपट दाखवून स्त्रियांशी बोलावे ही कल्पना महाविद्यालयांना सुचलेली नाही. ती चळवळीतून आली. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या दिल्ली व पुण्यातील चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. त्याच वर्षी पतीकडून व सासरकडून होणाऱ्या क्रूरतेविषयीचे कलम ४९८ अ भारतीय दंडसंहितेत आले. या आंदोलनाचा प्रारंभ चार शिक्षकांच्या पत्राने झाला होता, ही गोष्ट प्राध्यापकवर्गाने विसरण्याजोगी नाही.

याच काळात, १९८० साली, दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा ‘युगांतर’ हा चित्रपट-गट उभा राहिला. पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेवरचा ‘मोलकरीण’ (१९८१) हा त्यांचा मराठी माहितीपट. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर त्यांनी १९८३ साली तेलुगूत काढलेला ‘इदी कथा मात्रमेना’ हा लघुपट तर घरातील मारहाणीवरच आहे. ‘ही केवळ कथाच आहे का?’ हे त्या शीर्षकाचे तात्पर्य. प्रश्न प्रेक्षकाला विचारलेला आहे. पुण्यातच, झोपडपट्टीतील दलित स्त्रियांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ सुमित्रा भावे यांना आपले संशोधन ज्या स्त्रियांविषयी आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचावे असे वाटले आणि १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट तयार झाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीला अहवालाचा उपयोग नव्हता. पुढे मराठी चित्रपटात ज्यांचे नाव आदराने घेतले गेले त्या दिग्दर्शिकेची सुरुवात या साध्या अडचणीतून झाली.

हे चित्रपट आकाराने लहान, तंत्राने साधे आणि हेतुतः अपुरे होते. उरलेला भाग पाहणाऱ्या स्त्रियांनी बोलून पुरा करायचा, हे त्यात गृहीत धरलेले होते. चित्रपटगृहासाठी काढलेला पूर्ण लांबीचा कथापट तसा नसतो. त्याला तिकिटाच्या मोबदल्यात प्रेक्षकाचे समाधान करावयाचे असते. असा चित्रपट वर्गात आणताना हे समाधान उसवण्याचे काम शिक्षकाकडे येते.

टाळ्यांचा चित्रपट

राजकुमार संतोषी यांचा ‘दामिनी’ (१९९३) या विषयावर सर्वाधिक सुचविल्या जाणाऱ्या हिंदी चित्रपटांपैकी एक. होळीच्या दिवशी एका सधन घरात उर्मी या मोलकरणीवर घरातलाच तरुण व त्याचे मित्र बलात्कार करतात. थोरली सून दामिनी ते पाहते आणि घराविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहते. घराण्याची अब्रू, विकत घेतलेला तपास, साक्षीदार स्त्रीला वेडी ठरविण्याचा प्रयत्न या सर्व गोष्टी चित्रपट नेमकेपणाने दाखवितो. स्त्रीने साक्ष दिली की तिच्या मनःस्वास्थ्यावर शंका घेतली जाते, हे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही.

परंतु तीस वर्षांनंतर या चित्रपटातले प्रेक्षकांच्या तोंडी काय उरले आहे? सनी देओल यांनी रंगविलेल्या वकिलाची दोन-तीन वाक्ये. त्या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. उर्मी रुग्णालयातच मरण पावते आणि तिच्या वतीने बोलणारी दामिनी उत्तरार्धात एका बलदंड पुरुषाच्या आवाजामागे जाते. न्यायालयात त्या वकिलाचा आवाज चढला की सभागृहात टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांत बलात्कार करणारा मुलगा कुणाच्या तरी घरात वाढलेला होता, हा चित्रपटाच्या पूर्वार्धाने कष्टाने मांडलेला मुद्दा वाहून जातो. प्रेक्षक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. निकाल लागल्यावर बोलायचे काय?

याचा अर्थ ‘दामिनी’ वर्गात दाखवू नये असा नाही. तो अर्ध्यावर थांबवावा. कुटुंबीय दिवाणखान्यात बसून काय करायचे ते ठरवितात, तो भाग संपल्यावर दिवे लावावेत. त्या क्षणी घरातला प्रत्येक जण आपल्या परीने घराचे रक्षण करीत असतो. खलनायक म्हणून कुणी वेगळा काढता येत नाही. आपण त्या दिवाणखान्यात असतो तर गप्प बसलो असतो का, हा प्रश्न तेथे विचारता येतो. तो शेवटी विचारून उपयोग नाही.

जेथे मार दिसत नाही

व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. शांता आपटे यांची नीरा फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावलेल्या लग्नाला शरीराने संमती देण्याचे नाकारते. नव्वदीकडे झुकलेला हा चित्रपट आजच्या विद्यार्थ्याला संथ वाटेल. पण त्यातला प्रश्न शिळा झालेला नाही. लग्न झाले म्हणजे संमती मिळाली असे मानावे काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही प्रौढ पत्नीच्या बाबतीत पतीला बलात्काराच्या व्याख्येतून दिलेला अपवाद कायम आहे. नीरेच्या नकाराला जे स्थान एका मराठी चित्रपटाने १९३७ साली दिले, ते कायद्याने अद्याप दिलेले नाही. चित्रपटाचा शेवट मात्र कच्चा आहे. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो व ते आत्महत्या करतात. नीरेची सुटका तिच्या झगड्याने होत नाही, पुरुषाच्या हृदयपरिवर्तनाने होते. तरीही विद्यार्थ्यांनी या शेवटाशी भांडावे, इतका पूर्वार्ध बळकट आहे.

जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) याहून अवघड. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन सुशिक्षित, सुखवस्तू घरातली. नवरा वकील, सासू समाजकार्य करणारी, मुलीला जीव लावणारी जाऊ. घरात कुणी तिच्यावर हात उगारीत नाही. ती महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून दूरच्या गावी जाते आणि तेथे हिंसाचाराचे दुसरेच रूप तिला दिसते : समित्या, देणग्या, प्रतिष्ठितांच्या भेटी आणि या सर्वांच्या आड निराधार स्त्रियांचा होणारा वापर. आश्रमातील दोघी जळून मरतात, चौकशी बसते आणि चौकशीचा रोख सुलभेकडे वळतो. ती घरी परत येते तो नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. ती पुन्हा बाहेर पडते. शेवटी आपल्याला दिसते ती रेल्वेच्या डब्यात बसलेली सुलभा.

‘यात हिंसाचार कुठे आहे?’ असा प्रश्न हा चित्रपट पाहून एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर तो चित्रपट न कळल्याचे लक्षण मानू नये. चर्चेचा खरा आरंभ तोच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा छळाचा हिंसाचारात समावेश करतो. या व्याख्येसमोर सुलभेचे घर ठेवून पाहिले तर उत्तर सरळ येत नाही. कायद्यात न बसणारे पण बाईला घराबाहेर ठेवणारे असे काही त्या सभ्य घरात आहे, त्याला नाव काय द्यावे? शीर्षकातला उंबरठा ओलांडताना कुणी अडवीत नाही. परतताना तो उंच झालेला असतो.

या चित्रपटाची एक मर्यादाही वर्गात बोलली गेली पाहिजे. आश्रमातील दोन स्त्रियांच्या परस्परसंबंधाकडे तो सहानुभूतीने पाहू इच्छितो, पण आजार म्हणून. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढल्यानंतर शिकणाऱ्या पिढीला ही दृष्टी खटकेल, आणि खटकणेच योग्य. सुलभेची सहानुभूती जेथे थांबते त्या जागेवर बोट ठेवता आले, तर चित्रपटाबद्दलचा आदर कमी होण्याचे कारण नाही.

‘सैराट’मधील हात

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) बहुतेक विद्यार्थ्यांनी आधीच पाहिलेला असतो, आणि म्हणूनच तो वर्गात आणणे सर्वात कठीण. त्यांना गाणी पाठ असतात, शेवट ठाऊक असतो आणि त्या शेवटाविषयी काय बोलायचे तेही ठाऊक असते. आर्ची पाटलाची मुलगी, पर्शा मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला. दोघे पळून हैदराबादला जातात, संसार थाटतात, मूल होते. आणि माहेरच्या भेटवस्तू घेऊन आलेले आर्चीचे नातलग दोघांची हत्या करतात. ध्वनी थांबतो. लहान मूल रक्तात माखलेली पावले उमटवीत बाहेर पडते. मराठी चित्रपटात इतकी जीवघेणी शांतता क्वचितच वापरली गेली असेल.

या शेवटावर चर्चा घ्यावी असे साहजिकच वाटते. जातीच्या प्रतिष्ठेसाठी मुलीचा जीव घेणे अमानुष आहे, यावर वर्गात एकमत होते. ते पाच मिनिटांत होते आणि चर्चा तेथेच संपते. ज्याने कधी कुणाचा जीव घेतलेला नाही, त्याला या शेवटाचा निषेध करायला काही द्यावे लागत नाही. अर्थात निषेध करणाऱ्यांपैकी किती जण बहिणीच्या आंतरजातीय लग्नाला हजर राहतील, हा प्रश्न उरतोच. पण तो भर वर्गात विचारला की उत्तरे शोभेची येतात.

चर्चेची खरी जागा त्याच्या अलीकडे आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. हैदराबादेत आर्ची काम करू लागते, तेलुगू शिकते, शहरात रुळते. पर्शाच्या मनात संशय येतो आणि तो तिच्यावर हात टाकतो. ज्याच्यासाठी तिने घर, भाषा आणि पाटलाच्या मुलीचे सगळे बळ सोडले, तोच तिला मारतो. ती त्याला सोडून निघते. मग परत येते. लग्नाची नोंदणी होते, मूल होते, प्रेक्षक सुखावतो आणि तो मार विसरतो. शेवटच्या रक्तपातापुढे एका थपडेची आठवण कुणाला राहणार?

मंजुळे यांनी मात्र ती विसरण्यासाठी ठेवलेली नाही असे चित्रपटाच्या रचनेवरून दिसते. याच चित्रपटाच्या पूर्वार्धात आर्चीचा भाऊ प्रिन्स नव्या प्राध्यापकाला भर वर्गात थप्पड मारतो आणि महाविद्यालय ती निमूटपणे पचविते. तो विद्यार्थी कुणाचा मुलगा आहे हे शिक्षकाला ठाऊक नव्हते, हीच जणू चूक ठरते. ही पहिली थप्पड जातीच्या आणि सत्तेच्या बळावर आलेली आहे. पर्शाजवळ यातले काहीही नाही. तो गावात मार खाणाऱ्यांच्या बाजूचा. तरीही घरात, एका खोलीच्या संसारात, त्याच्या हाताला एक अधिकार सापडतो. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या हातूनही बाईवर अन्याय होऊ शकतो, ही गोष्ट जातिविषयक चर्चेत मांडणे अवघड असते. तिचा गैरवापर करणारे टपलेलेच असतात. तथापि चित्रपटाने ती पर्शाविषयीचे प्रेम कमी होऊ न देता दाखविली आहे. हे त्याचे मोठेपण समीक्षेत पुरेसे नोंदले गेलेले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) विचारलेल्या सात कारणांपैकी किमान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी मान्य केले. घरातल्यांचे ऐकत नाही, न सांगता बाहेर जाते, स्वयंपाक नीट करत नाही, अशी ती कारणे. संशय हेही त्यांतलेच एक. वर्गात साठ विद्यार्थी असतील, तर त्यांतले निम्मे नसले तरी बरेच जण पर्शाला समजून घेतील, आणि त्यांत मुलीही असतील. ‘तिनेही सांगायला हवे होते’, ‘प्रेम असल्याशिवाय राग येतो का’ अशी वाक्ये येथे येतात. ती आली की समजावे, चर्चा सुरू झाली. शिक्षकाने लगेच दुरुस्त करू नयेत.

अनुभव सिन्हा यांचा ‘थप्पड’ (२०२०) या ठिकाणी जोडून दाखविता येतो, कारण ‘एकच तर थप्पड’ हे वाक्यच त्याचा विषय आहे. नवऱ्याने भर मेजवानीत मारलेल्या एका थपडेमुळे अमृता घटस्फोट मागते. पण अमृतेजवळ वडिलांचे घर आणि चांगली वकील आहे. त्याच चित्रपटात तिची कामवाली सुनीता रोज मार खाते आणि तिच्यासाठी वकील नाही. चित्रपटाने तिला शेवटी प्रतिकाराचा एक क्षण दिला आहे. तो टाळ्यांचा आहे, उपायाचा नाही. आर्चीजवळ यांतले काहीच नव्हते. परत येण्यावाचून ती कुठे जाणार होती, हा हिशेब विद्यार्थ्यांनी खोलीभाडे, पगार आणि माहेर यांच्यासह मांडावा. ‘ती का सोडत नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर भाषणातून मिळत नाही, या हिशेबातून मिळते.

कक्षातील काही व्यवहार

‘सैराट’ जवळपास तीन तासांचा आहे आणि तासिका पन्नास मिनिटांची. संपूर्ण चित्रपट दाखवून शेवटची दहा मिनिटे चर्चेस ठेवणे हा वेळेचा अपव्यय होय. हैदराबादचा भाग वीस मिनिटे दाखवावा आणि अर्धा तास बोलावे. बलात्काराचे दृश्य तर कोणत्याही कारणाने वर्गात दाखवू नये. चर्चेला त्याची गरज नसते. आणि अंधारात बसलेल्यांपैकी कुणाला ते आठवणीतले असेल, हे दाखविणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. ज्याला किंवा जिला बाहेर जावेसे वाटेल त्यांना कारण न विचारता जाऊ द्यावे, आणि हे आधीच सांगावे. बोलण्यापूर्वी प्रत्येकाकडून नाव न घालता अर्धे पान लिहून घेणे उपयोगी पडते, विशेषतः मुलगे व मुली एकत्र असताना. हात वर करून बोलणारे तेच ते चौघे असतात.

याहून गंभीर बाब अशी की खरी चर्चा झाली तर कुणीतरी स्वतःविषयी बोलणार. महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. घरातल्या मारहाणीसाठी ती नाही. तेथे २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी आणि १८१ ही महिला मदतवाहिनी यांची माहिती शिक्षकापाशी असली पाहिजे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालचे असतात. त्यांच्यापैकी कुणी लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर ‘पोक्सो’ कायद्यानुसार (२०१२) ते पोलिसांना कळविणे ऐकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘हे आपल्यातच राहील’ असे वचन देऊन चर्चा उघडणारा शिक्षक, कितीही सद्‌हेतूने असो, त्या मुलीला फसवीत असतो. कोणती गोष्ट गुप्त ठेवता येईल आणि कोणती नाही, हे चित्रपट सुरू होण्यापूर्वी सांगितले पाहिजे. त्यामुळे काही जणी बोलणार नाहीत. ज्या बोलतील त्या जाणून बोलतील.

वेळापत्रक लावतानाही हा कार्यक्रम बहुधा शनिवारच्या शेवटच्या तासाला ढकलला जातो, कारण तेव्हा कुणाची तासिका बुडत नाही. दिवे लागल्यावर मागच्या बाकावर रेंगाळणाऱ्या मुलीला मॅडमशी दोन मिनिटे बोलायचे असते. त्या वेळी दाराशी किल्ल्या घेऊन शिपाई उभा असेल आणि मॅडमना एसटी गाठायची असेल, तर ‘काही नाही, सहजच’ असे म्हणून ती निघून जाते.